कपाटात किती, वहीत किती

नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीच्या जिल्हा रुग्णालयात सिझेरियन झालेल्या काही बाळंतिणींची प्रकृती एकाएकी ढासळली. पुढच्या काही आठवड्यांत त्यांतल्या पाच जणी दगावल्या. संशय त्यांना दिलेल्या रिंगर लॅक्टेटच्या सलाईनवर गेला आणि संबंधित उत्पादकाच्या सलाईनचा वापर थांबवायला कर्नाटक सरकारने रुग्णालयांना सांगितलं. खरेदी कशी झाली, चाचण्यांमध्ये काय निघालं होतं, जबाबदार कोण, यावर पुष्कळ चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मला मात्र त्या आदेशानंतरच्या पहिल्या तासाबद्दल लिहायचं आहे.

बळ्ळारीपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर, बंगळुरूच्या पूर्व टोकाला, जुन्या मद्रास रस्त्यालगत के. आर. पुरम आहे. तिथे सरकारी रुग्णालय आहे, आसपास बरीच खासगी रुग्णालयं आहेत, गल्ल्यांमधली नर्सिंग होम आहेत. राज्यातल्या सरकारी दवाखान्यांची औषधखरेदी मुख्यतः एकाच महामंडळामार्फत होत असल्यामुळे एका ठिकाणी सदोष ठरलेलं सलाईन दुसऱ्या कुठल्याही गावच्या कपाटात असू शकतं. ‘अमुक कंपनीचं, तमुक बॅचचं सलाईन वापरू नका’ असा निरोप आला, की तिथल्या फार्मासिस्टला काही गोष्टी लगेच सांगता यायला हव्यात. तो माल आपल्याकडे आला होता का? कुठल्या बॅचच्या किती बाटल्या? त्यांतल्या स्टोअरमध्ये किती उरल्या आणि प्रसूती कक्षात, ऑपरेशन थिएटरमध्ये, अपघात विभागाच्या ट्रॉलीवर, रुग्णवाहिकेत किती गेल्या? आणि सगळ्यांत अवघड, यांतल्या कुठल्या बाटल्या कुणाच्या शिरेत आधीच गेल्या?

ही उत्तरं तासाभरात देता आली तर त्या रुग्णालयाची मोजणी खरी. नाही देता आली, तर मार्च अखेरीस वही कितीही सुबक जुळलेली असो, तिचा रुग्णाला उपयोग नाही. औषधाच्या नोंदी हे कारकुनी काम आहे, हिशेब तपासनीस येईल तेव्हा दाखवायचं काम आहे, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. माझ्या मते रक्तदाब मोजण्याइतकंच ते उपचाराचं काम आहे.

बाटलीवरच्या क्रमांकाचं मोल मुंबईच्या परळने सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिलं आहे. प्लेगची लस तिथे वाल्देमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत तयार होत असे आणि देशभर जात असे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल या गावी १०७ जणांना ती टोचली गेली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मरण पावले. बाकीच्यांना काही झालं नाही. दगावलेल्या सगळ्यांना लस एकाच बाटलीतून दिली गेली होती, क्रमांक ५३-एन. ठपका प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावं लागलं. पण बाटलीला क्रमांक होता आणि कुणाला कुठल्या बाटलीतून टोचलं हे सांगता येत होतं, म्हणूनच दोष सगळ्या लसीचा नाही, एका बाटलीचा आहे, एवढं तरी निश्चित झालं. बाटली उघडताना तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, हेही साक्षीतून पुढे आलं. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जाहीर पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. क्रमांकच नसता तर लोकांनी लसच नाकारली असती, आणि प्लेगच्या त्या दिवसांत त्याने आणखी किती जीव गेले असते याचा अंदाज करवत नाही.

आता आजच्या स्टोअरमध्ये शिरू. नोंद चुकते कुठे?

सगळ्यांत आधी एककात. गोळ्या येतात दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमध्ये, दहा स्ट्रिपच्या डब्यात, आणि असे कितीतरी डबे एका खोक्यात. आवक लिहिणाऱ्याने ‘५०’ लिहिलं ते डबे समजून, जावक लिहिणाऱ्याने ‘२०’ लिहिलं ते स्ट्रिप समजून. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर, आणि शिल्लक मात्र साफ चुकीची. म्हणून प्रत्येक वस्तूचं देण्याचं सर्वांत लहान एकक एकदाच ठरवायचं आणि वहीत असो वा संगणकात, आकडा त्याच एककात लिहायचा. बीसीजी लसीसारख्या ठिकाणी तर कुपी आणि मात्रा असे दोन्ही आकडे लागतात. दहा मात्रांची कुपी एकदा उघडली की चार तासांत वापरायची, उरलं ते फेकायचं. तीन बाळं आली तर सात मात्रा जाणार, आणि त्या गेल्याच पाहिजेत. या सात मात्रा ‘तूट’ म्हणून रकान्यात टाकून सिस्टरला जाब विचारणारी पद्धत असेल, तर सिस्टर एक तर बाळांना परत पाठवेल किंवा नोंद खोटी लिहील.

दुसरी चूक बेरजेची. आयव्ही कॅन्युलाचं उदाहरण घ्या, म्हणजे शिरेत सलाईनसाठी घालतात ती बारीक नळी. तिच्या मागच्या टोकाचा रंग जाडी सांगतो. १८ गेज हिरवी, २० गुलाबी, २२ निळी, २४ पिवळी, २६ जांभळी. आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. रक्त भराभर चढवायचं असेल, प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबत नसेल, तर हिरवी किंवा तिच्याहून जाड करडी लागते. नवजात बाळाच्या हाताला पिवळी किंवा जांभळी. आता वहीत ‘आयव्ही कॅन्युला, शिल्लक ५००’ अशी एकच ओळ असेल आणि कपाटात पाचशेच्या पाचशे हिरव्या आणि गुलाबी असतील, तर मोजणी बिनचूक आहे आणि बाळासाठी एकही कॅन्युला नाही. रात्री दोन वाजता निवासी डॉक्टर बाळाच्या वडिलांच्या हातात चिठ्ठी देऊन त्यांना बाहेरच्या दुकानात पिटाळतो तो अशा वेळी. वस्तूची यादी करताना जिथे एकाऐवजी दुसरं चालत नाही, तिथे ओळ वेगळी हवी. हे एवढं साधं आहे, आणि एवढ्यावरच अनेक स्टोअरची गाडी अडते.

तिसरी चूक, असलेला साठा आणि वापरता येणारा साठा एकच धरण्याची. ऑक्सिटोसिन हे प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन. ते २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावं लागतं. इन्सुलिनचंही तसंच. फ्रिज दोन दिवस बंद राहिला तर कुप्या मोजणीत तेवढ्याच भरतील. मुदतीचंही असंच. डब्यावर ०८/२०२६ असेल तर ऑगस्ट २०२६ च्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध वापरता येतं, १ सप्टेंबरला ते साठ्यात धरायचं नाही. ‘आधी आलेलं आधी द्या’ हा किराणा दुकानातला नियम इथे पुरत नाही, कारण पुरवठादार कधी कधी नंतरच्या खेपेत जवळच्या मुदतीचा माल पाठवतो. म्हणून आधी मुदत संपणारं पुढे आणि नंतरचं मागे. नवा माल आला की जुना पुढे ओढून नवा मागे लावायचा, हे कष्टाचं काम आहे. खोकी उचलायला माणूस नसला की नवी खोकी पुढेच थापली जातात आणि मागची तिथेच मुदत ओलांडतात. संगणकात कितीही चांगली प्रणाली बसवा, खोकं मागेपुढे करणारा हात लागतोच.

आणि चौथी गोष्ट, जिला चूक म्हणायला माझं मन धजत नाही. वॉर्डातला लपवलेला साठा. कुठल्याही मोठ्या रुग्णालयात इन्चार्ज सिस्टरच्या कपाटात थोडी अॅट्रोपिन, थोडी अॅड्रिनॅलिन, दोनचार आयव्ही सेट, सिरिंजचा एखादा डबा वहीबाहेर असतो. स्टोअरच्या लेखी तो माल ‘खर्च’ झाला. प्रत्यक्षात तो कपाटात आहे, शेजारच्या वॉर्डाला त्याचा पत्ता नाही, आणि बॅच परत बोलावली गेली तर तो कुणाच्याही शोधात येत नाही. पण सिस्टर असं का करते? पूर्वी कधीतरी इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, पाठवून माल आला नाही आणि समोर पेशंट तडफडत होता म्हणून. तिच्या कपाटावर छापा घालून हे थांबत नाही. मागितलेलं वेळेवर मिळतं हा भरवसा आला, की साठवण आपोआप कमी होते. वॉर्डासाठी ठरावीक पातळी ठरवून द्यायची, समजा अमुक इंजेक्शन वीस, आणि स्टोअरच्या माणसाने रोज येऊन जितकं कमी झालं तितकं भरायचं. यात सिस्टरला मागावंच लागत नाही.

मोजायचं किती वेळा? वर्षातून एकदा सगळं रुग्णालय हलवून मोजण्याची प्रथा अजून आहे. त्यातून कळतं ते एवढंच, की गेल्या बारा महिन्यांत कधीतरी काहीतरी चुकलं. केव्हा आणि कुठे, हे कळायची वेळ निघून गेलेली असते. त्याऐवजी रोज दहा-पंधरा वस्तू मोजाव्यात, म्हणजे फरक निघाला तर कालपरवाच्या चिठ्ठ्या अजून टेबलावर असतात. मोजणाऱ्याला वहीतला आकडा आधी सांगू नये, ही यातली महत्त्वाची गोष्ट. ‘बघ रे, ४८ आहेत का’ असं विचारलं की बहुतेक वेळा ४८च भरतात. आकडा न सांगता मोजायला लावा, मग ताडून पाहा.

सगळ्या वस्तू सारख्याच वेळा मोजायची गरज नसते. रुग्णालय व्यवस्थापनात यासाठी दोन चाळण्या वापरतात. एक पैशाची. यादीतल्या थोड्याच वस्तूंवर बहुतेक खर्च होतो, त्या ‘ए’ गटात, मधल्या ‘बी’त, भरपूर संख्येच्या पण स्वस्त वस्तू ‘सी’त. दुसरी चाळणी जिवाची, तिला व्हीईडी म्हणतात. नसेल तर जीव जाईल अशा वस्तू, नसेल तर उपचार अडतील अशा, आणि असल्या तर बऱ्या अशा. नुसती पहिली चाळणी लावणारा हिशेबनीस महागड्या इंजेक्शनवर डोळा ठेवतो आणि काही रुपयांच्या अॅट्रोपिनकडे त्याचं लक्ष जात नाही. विषबाधेच्या रुग्णाला, शेतात कीटकनाशक पिऊन आलेल्या माणसाला, तीच अॅट्रोपिन एका रात्रीत ढिगाने लागते. दोन्ही चाळण्या एकत्र लावल्या तरच हे स्वस्त आणि प्राणदायी औषध रोजच्या मोजणीत येतं.

मागणी किती नोंदवायची, याचं गणित शाळकरी आहे. समजा एका रुग्णालयात रोज ४० बाटल्या रिंगर लॅक्टेट लागतं, मागणी केल्यापासून माल यायला १५ दिवस जातात आणि अडीअडचणीसाठी १० दिवसांचा साठा हाताशी हवा. तर शिल्लक १,००० बाटल्यांवर आली की मागणी गेलीच पाहिजे. पण यात एक फसवणूक दडलेली आहे, आणि ती कुणी मुद्दाम करत नाही. समजा ९० दिवसांपैकी ३० दिवस सलाईन संपलेलंच होतं. उरलेल्या ६० दिवसांत २,४०० बाटल्या लागल्या. वही सांगते, ‘तीन महिन्यांचा खप २,४००’. पुढच्या तीन महिन्यांची मागणी तेवढीच जाते. खरी गरज मात्र रोज ४० प्रमाणे ३,६०० बाटल्यांची. म्हणजे गेल्या वेळचा तुटवडा पुढच्या वेळचा तुटवडा घडवतो, आणि कागदावर सगळं मागणीप्रमाणे पुरवलेलं दिसतं. ज्या दिवशी कपाट रिकामं होतं तो दिवस वेगळ्या रकान्यात लिहिला, आणि त्या दिवशी किती जणांना चिठ्ठी देऊन बाहेर पाठवलं तेही लिहिलं, तरच हा फास सुटतो. रिकाम्या कपाटाची नोंद करणारी वही फार थोड्या ठिकाणी असते. आपल्या सार्वजनिक आरोग्यसेवेतली ही सगळ्यांत महाग पडणारी उणीव आहे असं मला वाटतं.

ती किती महाग पडते, हे महाराष्ट्राने नांदेडमध्ये पाहिलं. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळं होती. औषधांचा तुटवडा होता की नव्हता यावर उलटसुलट विधानं झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या मृत्यूंमागे बरीच कारणं असतील. खाटांपेक्षा जास्त रुग्ण, अपुरं मनुष्यबळ, दूरवरून उशिरा आलेली बाळं. तरीही अमुक दिवशी अमुक औषध वॉर्डात होतं का, हा प्रश्न वादाचा उरायलाच नको होता. राज्याने औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे सोपवली होती आणि २०२३ मध्ये त्यासाठी कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण उभारलं. तमिळनाडूने हे काम १९९४ मध्येच वेगळ्या महामंडळाकडे दिलं. तिथे प्रत्येक रुग्णालयाला पासबुक मिळतं, आपल्या वाट्याच्या रकमेतून गरजेप्रमाणे जिल्हा गोदामातून माल उचलायचा आणि पासबुकात नोंद करायची. कुणी काय उचललं आणि गोदामात काय उरलं हे दोन्ही बाजूंना दिसतं, हे त्या पद्धतीचं बळ.

कपाटात मावत नाहीत अशा वस्तूंची मोजणी वेगळी. ऑक्सिजनचा जंबो सिलिंडर भरलेला असताना त्यात सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर वायू असतो. रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असेल तर तो ७०० मिनिटं पुरेल, पावणेबारा तासही नाही. काटा निम्म्यावर आला की निम्मा वेळ उरला, इतकं सरळ. कोविडच्या दुसऱ्या लाटेत मे २०२१ च्या सुरुवातीला कर्नाटकातल्या चामराजनगरच्या जिल्हा रुग्णालयात ऑक्सिजनअभावी चोवीस तासांत २४ रुग्ण गेले, तेव्हा या साध्या भागाकाराची किंमत सगळ्या देशाला कळली. त्याच काळात नंदुरबारमध्ये जिल्हाधिकारी राजेंद्र भारूड यांनी, जे स्वतः डॉक्टर आहेत, आधीच ऑक्सिजन प्रकल्प उभे केले होते. शिवाय तिथे ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या गेल्या. दर काही तासांनी प्रत्येक रुग्णाची पातळी पाहायची आणि गरजेहून जास्त सुरू असलेला प्रवाह कमी करायचा, हे त्यांचं काम. पुरवठा मोजणं आणि खप मोजणं हे दोन्ही एकाच वेळी झालं, म्हणून तो आदिवासी जिल्हा सावरला.

भूल देताना वापरतात त्या नायट्रस ऑक्साइडचा सिलिंडर मात्र काट्यावर मोजता येत नाही. त्यात द्रव असतो, आणि द्रवाचा शेवटचा थेंब वायू होईपर्यंत दाब तसाच राहतो. काटा ‘भरपूर’ म्हणत असतानाच सिलिंडर संपत आलेला असतो. तो वजनकाट्यावर ठेवूनच मोजायचा. ज्याने साठा मोजायचा त्याला त्या वस्तूचा स्वभाव माहीत हवा, हे याहून नेमकेपणाने दाखवणारं उदाहरण मला ठाऊक नाही.

मोजणीची शेवटची पायरी ऑपरेशन थिएटरमध्ये आहे, आणि तिथे एका मराठी घरातल्या शल्यचिकित्सकाचं काम समोर येतं. अतुल गावंडे यांचे वडील आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातले. ते मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अथेन्स गावी स्थायिक झाले. अतुल गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास छापला. शस्त्रक्रियेत शरीरात मॉप (रक्त टिपायची कापडी घडी), गॉज, अवजार राहून गेलेले ५४ रुग्ण त्यांनी तपासले. राहिलेल्या वस्तू होत्या ६१, त्यांतले दोनतृतीयांशांहून जास्त मॉप आणि गॉज. तातडीच्या शस्त्रक्रियेत हा धोका जवळपास नऊपट, आणि मध्येच शस्त्रक्रियेचा बेत बदलला तर चौपट. यांत मोजणी झालीच नव्हती अशा केसेस होत्या. पण जिथे मोजणी झाली होती, त्यांतल्या ८८ टक्के वेळा ती ‘बरोबर’ असल्याची नोंद होती. म्हणजे वस्तू शरीरात, आणि कागदावर ताळा जुळलेला.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेसाठी गावंडे यांच्या नेतृत्वाखाली २००८ मध्ये शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची तपासणी यादी तयार झाली. रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी अवजारं, मॉप आणि सुया मोजून जुळल्याचं नर्सने तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, हा त्यांतला एक मुद्दा. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. त्या आठांत दिल्लीचं एक रुग्णालय होतं.

चांगल्या थिएटरमध्ये ही मोजणी अशी होते. मॉप पाचपाचच्या गठ्ठ्यांत येतात. गठ्ठा सोडताना दोन नर्स एकत्र मोठ्याने मोजतात, प्रत्येक मॉप सुटा करून, कारण दोन मॉप एकमेकांना चिकटून एक म्हणून गणले जातात. गठ्ठ्यात चार किंवा सहा निघाले तर दुरुस्ती करत बसायचं नाही. आख्खा गठ्ठा बाजूला काढून थिएटरबाहेर पाठवायचा, म्हणजे पुढच्या बेरजेत तो घुसणार नाही. आकडा फळ्यावर लिहायचा. वापरलेला मॉप बादलीत ढिगाने टाकायचा नाही, दिसेल असा टांगायचा. पोकळी बंद करण्याआधी एकदा, कातडी शिवण्याआधी पुन्हा एकदा मोजायचं. मधल्या वेळात नर्सची पाळी बदलली तर जाणारीने आणि येणारीने मिळून नव्याने. प्रत्येक मॉपमध्ये क्ष-किरणांत दिसणारा धागा विणलेला असतो. आकडा जुळला नाही, आणि जमीन, बादली, चादरीच्या घड्या शोधूनही मॉप सापडला नाही, तर रुग्ण टेबलावर असतानाच एक्स-रे काढायचा. घाई कुणाचीही असो, पुढची केस बाहेर थांबलेली असो, वरिष्ठ सर्जन ‘माझ्याकडून काही राहिलेलं नाही’ म्हणत असोत. त्या वेळी नर्सचा आकडा वरचढ.